वरणाच्या पाण्याने बाळाचं वजन का वाढत नाही?

सहा महिन्यांच्या बाळाला पहिल्यांदा काय भरवायचं, असं नागपुरात कोणत्याही घरी विचारा, उत्तर बहुधा येतं: वरणाचं वरचं पाणी. डाळीची ताकद पाण्यात उतरते, हा समज चुकीचा आहे. प्रथिनं आणि स्टार्च बहुतेक तळाच्या गाळातच राहतात.

बाळाचं पोट किलोमागे सुमारे ३० मिली, म्हणजे ८ किलोच्या बाळाचं २४० मिली. आणि ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज रोज साधारण २०० किलोकॅलरी वरच्या अन्नातून हव्या असतात. पोट पाण्यानेच भरलं तर बाळ दूधही कमी पितं, वजन अडतं. मग दृष्ट काढतात, नाहीतर बेबीफूडचा महागडा डबा आणतात. खरी गरज घट्ट अन्नाची असते.

पण घट्ट पेज बाळ गिळत नाही. शिजताना स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, पेजेचा गोळा होतो आणि आई त्यात पाणी ओतते. इथे मोडाचे गहू कामी येतात. मोड येताना दाण्यात अमायलेज हे विकर (एन्झाइम) तयार होतं. ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं, धरलेलं पाणी सुटतं आणि पेज पाणी न घालताच पातळ होते. उष्मांक मात्र तेवढेच.

गहू रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात दोन दिवस बांधा, उन्हात वाळवा, मोड चोळून काढा, दळा. खरपूस भाजू नका, विकर मरतं. बुरशी दिसली तर सगळे टाका. ज्वारी मात्र वापरू नका, तिच्या कोंबांत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं.

२०० मिली पाण्यात ४० ग्रॅम साधं पीठ शिजवा. बोट सोसेल इतकं निवलं की मोडाचं पीठ १ चमचा घालून ढवळा. उकळत्यात घातलं तर काहीच घडत नाही. काही मिनिटांत पातळ झालं की पुन्हा एक उकळी आणा, कारण हे पीठ कच्चं असतं. वर चमचाभर तेल घाला, सुमारे ४० किलोकॅलरी वाढतात. उरलेलं ठेवू नका, नागपूरच्या उन्हाळ्यात तर नाहीच.

हे सांगायचं कधी? साडेतीन महिन्यांनंतरची लस थेट नवव्या महिन्यात, त्यामुळे सहाव्या महिन्यात आई आरोग्य उपकेंद्रात येतच नाही. म्हणून आशाताईंची सहाव्या महिन्याची घरभेट मोलाची. ‘पौष्टिक द्या’ एवढ्यावर थांबू नये. पीठ किती, पाणी किती, तेल घातलं का, हे चुलीपाशी बसून विचारावं.