भर उन्हातले मुंडासे

मे महिन्यात महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत एक दिवस असा येतो की, भर दुपारी उभ्या काठीला सावलीच उरत नाही. पुण्यात हा शून्य सावलीचा दिवस 13 मेच्या सुमारास येतो, तर नागपुरात 26 मेच्या सुमारास. (जुलै-ऑगस्टमध्ये तो पुन्हा येतो, पण बहुधा ढगांतच हरवतो.) त्या वेळी शेतात उभ्या असलेल्या माणसाची सावली पायांशी गोळा होते, आणि नीट पाहिले तर ती केवळ डोक्याची व खांद्यांची असते. ऊन शरीराच्या नेमक्या कोणत्या भागावर पडते आहे, हे ती सावलीच सांगते. चार पायांच्या जनावराची सबंध पाठ उन्हात भाजते; ताठ उभ्या माणसाची पाठ त्यातून वाचते, पण माथा मात्र सापडतो. म्हणूनच शेतकऱ्याच्या मुंडाशाकडे केवळ रीत किंवा मानाचे चिन्ह म्हणून पाहणे मला अपुरे वाटते.

निरभ्र आकाशात माथ्यावर आलेल्या सूर्याकडून दर चौरस मीटरला सुमारे 1000 वॅट ऊर्जा पोहोचते. तिच्यातली जवळपास निम्मी अवरक्त किरणांच्या रूपात असते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण त्वचेला जाणवते. निसर्गाने यावर दिलेला पहिला उपाय म्हणजे केस. शरीराप्रमाणे तापवता येणाऱ्या पुतळ्यावर निरनिराळ्या केसांचे टोप चढवून केलेले एक संशोधन 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. कोणत्याही केसांमुळे माथ्याला मिळणारी उन्हाची उष्णता घटते, पण घट्ट कुरळ्या केसांमुळे ती सर्वांत जास्त घटते, असे त्यात दिसून आले. कुरळे केस माथ्याला चिकटून बसत नाहीत. ऊन वरच्या वेटोळ्यांवर अडते आणि मधली हवा ती उष्णता खाली पोहोचू देत नाही.

मुंडाशाचे कामही याच तत्त्वावर चालते. सुती कापडाचे वेढे एकावर एक बसतात तेव्हा प्रत्येक दोन थरांमध्ये हवा अडकते, आणि स्थिर हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. सर्वांत वरचा थर तापतो, पण त्याची बरीचशी उष्णता वारा घेऊन जातो. ‘उन्हाळ्यात एवढे जाड कापड कशाला?’ असे विचारणारा हवेचा उकाडा आणि सूर्याचे थेट किरण यांची गल्लत करतो. सावलीत बसल्यावर मुंडासे काढून ठेवणारा शेतकरी हा फरक अचूक ओळखतो.

इंग्रज अधिकाऱ्यांच्या सोला टोपीची युक्ती हीच होती. ‘सोला’ ऐकून इंग्रजी ‘सोलर’ आठवत असला, तरी तिच्या नावाचा सूर्याशी संबंध नाही. ‘शोला’ हे भेंडाच्या वनस्पतीचे नाव आहे, आणि आपल्याकडची बाशिंगे घडवली जातात ते भेंड तिचेच. त्याच्या पेशींत हवा भरलेली असल्याने ते अतिशय हलके असते आणि उष्णता सहजी आरपार जाऊ देत नाही.

विदर्भात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा हवा त्वचेपेक्षा गरम असते, त्यामुळे वाराही शरीराला तापवतो आणि घाम हा एकच उपाय उरतो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे 2400 ज्यूल उष्णता शोषून घेतो. कोरड्या हवेत घाम झपाट्याने वाळतो. म्हणून तिथे ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळला की लगेच गारवा जाणवतो, आणि कान-नाक झाकल्याने गरम वाऱ्याची झळही अडते. कोकणात मात्र हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. तिथे ओले कापड फार सावकाश वाळते, त्यामुळे या उपायाचा फारसा लाभ मिळत नाही.

कोकणाने आपली बुद्धी पावसासाठी वापरली. भातलावणी करताना माणूस कमरेत वाकतो आणि उभे असताना माथ्यावर येणारा मारा सबंध पाठीवर येतो. बांबूच्या कामट्यांवर रुंद पाने बसवून केलेले इरले म्हणूनच डोक्यापासून कमरेखालपर्यंत लांब असते, आतून पोकळ असते आणि दोन्ही हात रोपांसाठी मोकळे ठेवते.