पार्श्वभूमी : इसवी सनाचा आकडा आणि शून्य वर्षाचा घोळ

इसवी सन मोजायला सुरुवात झाली ती इ.स. ५२५ मध्ये, रोममध्ये, आणि तीही ईस्टरच्या हिशेबातून. ईस्टरचा रविवार दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो. तो सांगणारे तक्ते तेव्हा अलेक्झांड्रियाच्या परंपरेतले वापरत. हाती असलेला तक्ता थोड्याच वर्षांत संपणार होता, म्हणून काळ्या समुद्राकाठच्या सिथियातून आलेल्या एका साधूने तो पुढे ९५ वर्षांसाठी वाढवला. जुन्या तक्त्यातली वर्षे डायोक्लेशियन या रोमन सम्राटाच्या राज्यारोहणापासून, म्हणजे इ.स. २८४ पासून मोजलेली होती. या सम्राटाने ख्रिस्ती लोकांचा अनन्वित छळ केला होता, आणि सर्वांत मोठ्या सणाची वर्षे त्याच्याच नावाने मोजणे साधूला पटेना. तसे त्याने तक्त्यासोबतच्या पत्रात लिहूनही ठेवले आहे. डायोक्लेशियनचे २४७ वे वर्ष संपले आणि पुढची ओळ सुरू झाली ती प्रभूच्या ५३२ व्या वर्षाने.

इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिश्चनांनी नेमके उलटे केले. त्यांनी सम्राटाचा शक तसाच ठेवला आणि त्याला हुतात्म्यांचा शक म्हटले. तो आजही चालू आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचे १७४१ वे वर्ष लागले.

येशूच्या जन्मापासूनचे हे ५२५ वे वर्ष, हे साधूने कशावरून ठरवले, ते त्याने सांगितले नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाप्रमाणे जन्माच्या वेळी हेरोद राजा हयात होता, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते तो इ.स.पू. ४ मध्ये वारला. लूकने सांगितलेली सिरियाच्या सुभेदाराची शिरगणती मात्र इ.स. ६ ची धरतात. साधूचा आकडा या दोन्हींशी जुळत नाही.

खरा वाद शून्याचा आहे. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही. यावर आपल्याकडचे ठरलेले उत्तर असे, की युरोपला शून्य ठाऊक नव्हते, ते आपण दिले. ऐकायला बरे वाटते, पण इथे ते लागू पडत नाही. साधूच्या तक्त्याची पहिलीच ओळ पाहा. पहिल्या रकान्यात ५३२, दुसऱ्यात करचक्राचे, म्हणजे रोमन कराच्या पंधरा वर्षांच्या फेऱ्याचे, वर्ष १०, आणि तिसऱ्यात, जिथे चंद्राच्या वयाचा, म्हणजे अमावास्येपासूनच्या दिवसांचा, आकडा यायचा, तिथे लॅटिनमध्ये ‘नुल्ला’, म्हणजे काही नाही. शून्याचे चिन्ह त्याच्याकडे नव्हते, पण ‘काही नाही’ हे रकान्यात लिहायला त्याला अडचण आली नाही.

अडचण होती ती वर्ष मोजण्याच्या पद्धतीत. मूल चार वर्षांचे झाले की घरात आपण दोन्ही बोलतो, ‘चार पूर्ण’ आणि ‘पाचवे लागले’. पंचांगवाले यालाच गत आणि वर्तमान म्हणतात. राजाची कारकीर्द वर्तमान वर्षांत मोजतात, म्हणून गादीवर बसल्या दिवशीच पहिले वर्ष लागते. साधूने प्रभूची वर्षेही तशीच मोजली. आपला राज्याभिषेक शकही याच जातीचा, १६७४ मध्येच त्याचे पहिले वर्ष. म्हणून रायगडावर ३५० वा सोहळा २०२३ मध्ये झाला आणि ३५० वर्षे पूर्ण झाली २०२४ मध्ये. शालिवाहन शक मात्र आपण गत वर्षांत मोजतो. शके १९४६ म्हणजे १९४६ वर्षे सरली. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत ‘शकनृपकालातीत’ असे येते, त्यातला ‘अतीत’ हाच. अशा गणनेत पहिले वर्ष चालू असताना सरलेली वर्षे शून्यच असतात, वेगळे काही मांडावे लागत नाही.

हा फरक न पाहिल्याने एका वर्षाची चूक हमखास होते. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची २५०० वर्षे भारताने आणि श्रीलंकेने १९५६ मध्ये साजरी केली (नागपूरचा धम्मदीक्षा सोहळा त्याच वर्षातला), तर थायलंडने १९५७ मध्ये. परंपरेने धरलेले वर्ष एकच. श्रीलंका ते वर्तमान मोजते, थायलंड गत. खगोलशास्त्रज्ञांनी आपल्यापुरता प्रश्न अठराव्या शतकात सोडवला. ते इ.स.पू. १ ला ० लिहितात आणि इ.स.पू. २ ला उणे १. इतिहासाच्या पुस्तकांनी ते काही घेतले नाही.

प्रसाराची गोष्ट त्यापुढे साधी आहे. दोनशे वर्षे हा आकडा तक्त्यांपुरताच राहिला. ७३१ मध्ये एका इंग्रज मठवासीयाने आपल्या देशाच्या चर्चचा इतिहास त्यात लिहिला आणि पुढे फ्रँक दरबाराने तो उचलला. स्पेन-पोर्तुगालात मात्र ३८ वर्षांनी पुढे असलेला दुसराच शक चाले. पोर्तुगालने तो १४२२ मध्ये सोडला, म्हणजे १५१० मध्ये गोवा घेणाऱ्यांच्या देशात इसवी सन रुळून शंभर वर्षेही झाली नव्हती.

वर्ष कधी सुरू करायचे यावरही एकमत नव्हते. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत ते २५ मार्चला, देवदूताने मेरीला वार्ता दिली त्या सणाला बदले. त्यामुळे सुरतेची पहिली लूट आपण जानेवारी १६६४ ची म्हणतो, पण इंग्रजी रीतीने तो महिना १६६३ चा. शिवजन्माची शासनमान्य तारीख, १९ फेब्रुवारी १६३०, त्या वेळच्या इंग्रजाने १६२९ मध्ये टाकली असती. मूळ इंग्रजी पत्रांवरून सनावळी लावताना हे विसरले की वर्ष चुकलेच.

आकड्याचे ख्रिस्तीपण झाकायला ‘सामान्य युग’ हे नाव अलीकडे इंग्रजीतून फार चालते. त्याचे मूळ सतराव्या शतकातल्या लॅटिन ग्रंथांत आहे आणि एकोणिसाव्या शतकात ज्यू लेखकांनी ते रूढ केले. मला त्यात फारसा अर्थ दिसत नाही. नाव बदलले तरी मोजणी तिथूनच. स्वतंत्र भारताने पर्याय शोधून पाहिला. संविधानाच्या हिंदी प्रास्ताविकेत २६ नोव्हेंबर १९४९ सोबत विक्रम संवत २००६ ची मिती आहे. पण १९५२ च्या पंचांग सुधारणा समितीने विक्रम नव्हे, शक निवडला, आणि २२ मार्च १९५७ ला १ चैत्र १८७९ करून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. राजपत्रावर ती तारीख आजही छापतात. हा चैत्र सौर असल्याने गुढीपाडवा त्याच्या पहिल्या तारखेला सहसा येत नाही, आणि ज्या चैत्रात पाडवा बसत नाही तो मराठी घरात कोण वापरणार?