छायाचित्र लहान होते तेव्हा: सर्व्हरवरच्या दोन सरासऱ्या

संकेतस्थळावर छायाचित्र चढवणारा माणूस ते बहुधा कॅमेऱ्यातून आले तसेच चढवतो. वाचकाच्या पडद्यावर मात्र ते ८०० पिक्सेल रुंदीचे आणि कोपऱ्यात संस्थेचे नाव उमटलेले दिसते. मधले काम सर्व्हरवरची एखादी छोटी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, करते. ती बहुधा पीएचपी या संगणकभाषेत लिहिलेली असते आणि प्रत्यक्ष आकडेमोडीसाठी थॉमस बाउटेल यांच्या १९९४च्या ‘जीडी’ची किंवा जॉन क्रिस्टी यांनी १९८७ साली ड्यूपॉन्ट कंपनीत असताना सुरू केलेल्या ‘इमेजमॅजिक’ची, म्हणजे चित्रांवर काम करणाऱ्या तयार साधनांची, मदत घेते. आकार घटवणे आणि वॉटरमार्क, म्हणजे मालकीची ती खूण, उमटवणे ही दोन वेगळी कामे वाटली, तरी गणिताच्या दृष्टीने दोन्ही म्हणजे भारित सरासरीच (प्रत्येक आकड्याला कमी-अधिक वजन देऊन काढलेली सरासरी) होय. फरक इतकाच की पहिली सरासरी उलटवता येत नाही आणि दुसरी बऱ्याच अंशी येते. आणि चित्र चोरीला जाऊ नये म्हणून बहुतेकांची भिस्त असते ती नेमकी दुसरीवर.

आधी जागेचा हिशेब पाहू. १२ मेगापिक्सेलचे छायाचित्र म्हणजे ४००० गुणिले ३००० पिक्सेलची जाळी. जेपेग फाइल म्हणून ते काही एमबीत मावते, परंतु त्यावर कोणतेही गणित करायचे झाल्यास ते आधी पूर्ण उलगडावे लागते, आणि जीडी प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट देत असल्यामुळे तेच चित्र मेमरीत सुमारे ४८ एमबी जागा व्यापते. पीएचपी एका स्क्रिप्टला मुळात १२८ एमबीच मेमरी वापरू देते. अलीकडच्या फोनमधल्या ४८ मेगापिक्सेलच्या चित्राला १९२ एमबी लागतात, त्यामुळे फाइल लहान दिसत असूनही स्क्रिप्ट मध्येच बंद पडते. म्हणून जाणता प्रोग्रामर चित्र उलगडण्यापूर्वी फाइलच्या सुरुवातीला नोंदलेली लांबी-रुंदी तपासतो, आणि लहान प्रत एकदाच तयार करून साठवतो. प्रत्येक वाचकासाठी तेच गणित पुन्हा मांडत नाही.

आता ४००० पिक्सेलची रुंदी ८०० वर आणायची, म्हणजे मूळच्या २५ (५ गुणिले ५) पिक्सेलच्या जागी एकच उरणार. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे त्या २५ पैकी एक उचलायचा आणि बाकीचे टाकून द्यायचे. पीएचपीतले ‘इमेजकॉपीरिसाइज्ड’ हे फंक्शन जवळपास हेच करते. आकाशाच्या चित्रात ते खपून जाते, पण बारीक चौकडीच्या इरकल साडीचे चित्र असे लहान केले, तर कापडात नसलेले रुंद पट्टे आणि लाटा त्यावर दिसू लागतात, कारण जाळीतून नमुने घेण्याचा वेग चौकडीच्या बारकाईला पुरा पडत नाही. ‘इमेजकॉपीरिसॅम्पल्ड’ हे त्याचे भावंड पंचविसांनाही हिशेबात घेते. लँक्झोससारख्या पद्धती शेजारच्या पिक्सेलनाही वजन देतात, काहींना तर किंचित उणे वजन देतात, आणि त्यामुळे वस्तूंच्या कडा रेखीव राहतात.

या सरासरीतही एक खोच आहे, आणि ती अनेक चांगल्या स्क्रिप्टांमधूनही निसटते. पिक्सेलचे ० ते २५५ हे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. डोळ्याला अंधाऱ्या छटांमधला फरक अधिक जाणवतो, म्हणून एसआरजीबी या रंगांचे आकडे ठरवणाऱ्या १९९६च्या पद्धतीत त्या छटांना जास्त आकडे दिलेले असतात. काळा (०) आणि पांढरा (२५५) यांची सरळ सरासरी १२८ येते, परंतु १२८ म्हणजे पूर्ण प्रकाशाच्या सुमारे २२ टक्केच. निम्म्या प्रकाशाचा खरा आकडा १८८ आहे. परिणामी दिवाळीच्या रोषणाईचे किंवा रात्रीच्या शहराचे चित्र लहान केले की दिव्यांचे ठिपके मूळपेक्षा मंद होतात. आकडे आधी प्रकाशाच्या प्रमाणात बदलून घ्यावेत, मग सरासरी काढावी आणि शेवटी पुन्हा मूळ पद्धतीत आणावेत, हा त्यावरचा उपाय. तो वेळखाऊ असल्याने बहुधा टाळला जातो.

वॉटरमार्क नेहमी आकार घटवल्यानंतर उमटवावा, नाहीतर त्याची बारीक अक्षरेही सरासरीत विरून जातात. त्याचे गणित साधे आहे. पांढरी खूण (२५५) ४० टक्के गडदपणाने १०० या मूल्याच्या पिक्सेलवर बसवली, तर २५५चे ४० टक्के म्हणजे १०२ आणि १०० चे ६० टक्के म्हणजे ६०, असे मिळून १६२ होतात. पण खुणेचा रंग आणि गडदपणा ज्याला ठाऊक आहे, त्याने १६२ मधून १०२ वजा करून ०.६ने भागले की मूळचे १०० हाती येतात. जेपेगच्या दाबण्यामुळे थोडी चूक राहते, एवढेच.

हे दोन आकडे परक्या माणसाला कसे कळणार? गूगलमधील संशोधकांनी २०१७ साली याचे उत्तर दिले. एकाच संस्थेची पुष्कळ छायाचित्रे जमवली तर प्रत्येकातले दृश्य वेगळे असते आणि खूण तेवढी सर्वत्र तीच असते. त्यामुळे जे पुन्हा पुन्हा येते ते वेगळे काढून खुणेचा आकार आणि गडदपणा संगणकालाच शोधता येतो. खुणेची जागा बदलल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यांना आढळले. प्रत्येक चित्रात खूण किंचित वेडीवाकडी केली, तर मात्र ती पुसताना डाग राहतात. सर्व्हरवरच्या स्क्रिप्टला हे करणे अवघड नाही, तरी ठरलेला एकच लोगो ठरलेल्या कोपऱ्यात डकवण्याचा रिवाज चालूच आहे.

आकार घटवण्याच्या गणितात अशी पळवाट नाही. एका आकड्यावरून पंचवीस अज्ञात आकडे काढता येत नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून चित्र मोठे करणारी साधने तेथे पटण्याजोगा तपशील रचतात, हरवलेला परत आणत नाहीत. छपाईजोग्या प्रतीवर ज्याचे पोट अवलंबून आहे, त्या छायाचित्रकाराला ८०० पिक्सेलची बिनखुणेची प्रत ही ४००० पिक्सेलच्या खूण मारलेल्या प्रतीपेक्षा अधिक सुरक्षित ठरते. अट अशी की मूळ फाइल सर्व्हरच्या सार्वजनिक फोल्डरबाहेर ठेवलेली असावी. संकेतस्थळे चालवणारी वर्डप्रेस ही प्रणाली लहान प्रतीच्या नावाच्या शेवटी तिची लांबी-रुंदी जोडते आणि मोठी फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवते. पत्त्यातले तेवढे आकडे खोडले की बहुधा तीच समोर येते.