चेहरा कोरडा आहे, की त्यातलं पाणी उडालंय?

मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडच्या कुठल्याही गावच्या सलूनमध्ये जरा वेळ बसलं की ही तक्रार हमखास कानावर येते: "तोंडाले तेल बी सुटते अन् चरचरते बी." खुर्चीतला भाऊ त्यावरचा उपायही स्वतःच सांगून टाकतो, दिवसातून तीनदा साबण. तोच भाऊ डिसेंबरात गाल पांढरे पडले म्हणून खोबरेल चोपडतो. त्याच्या हिशोबी त्वचा एकतर तेलकट, नाहीतर कोरडी. तेल भरपूर आणि पाणी मात्र कमी, असंही असू शकतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

कोरडी त्वचा बहुतेक मुळातलीच असते. तैलग्रंथी तेलच कमी सोडतात, त्यामुळे चेहऱ्यासोबत हात, कोपर, नडग्या सगळंच खरखरीत. थंडीत अंग उलतं, नडगीवर नख ओढलं की पांढरी रेघ उमटते आणि हे लहानपणापासून चालत आलेलं असतं. या ग्रंथी अँड्रोजेन या पुरुषी संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) हुकमाने चालतात, म्हणून वयात आल्यापासून पुरुषांच्या चेहऱ्यावर बायकांपेक्षा तेल जास्त येतं. एखादा पंचविशीतला गडी "माझी स्किन ड्राय आहे" म्हणतो तेव्हा मला आधी शंकाच येते. घरातल्या सत्तरीच्या आबांनी म्हटलं तर लगेच पटतं.

पाणी कमी होणं ही मात्र तात्पुरती अवस्था. ती तेलकट त्वचेलाही गाठते, कोरडीलाही. त्वचेचा सगळ्यात वरचा थर केसाहूनही पातळ असतो आणि त्यात धरून ठेवलेल्या थोड्या पाण्यावरच त्याची लवचीकता टिकते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या तापलेल्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांच्या वर जातो, दुपारी हवेतला ओलावा २० टक्क्यांच्याही खाली येतो, वरून लू. अशा हवेत हे पाणी झपाट्याने उडतं. तैलग्रंथी मात्र आपलं काम करतच राहतात. म्हणून कपाळ चमकतं आणि गाल ओढल्यासारखे होतात, दोन्ही एकाच वेळी. पाणी घटलं की त्वचा मुद्दाम जास्त तेल सोडते, असंही ऐकायला मिळतं. त्याला भक्कम आधार नाही.

ओळखायचं कसं? सकाळी साध्या पाण्याने तोंड धुवा, टिपून घ्या आणि काही न लावता तासभर सावलीत बसा. मग लग्नाच्या पंगतीतून खिशात आलेला टिश्यू पेपर कपाळ, नाक आणि गालांवर दाबा. डाग दिसला तरी लगेच निकाल देऊ नका, कागद थोडा वाळू द्या. घामाचा डाग नाहीसा होतो, तेलाचा मात्र उजेडात धरल्यावर आरपार दिसत राहतो. आता आरशासमोर दोन बोटांनी गाल अलगद वर सरकवा. बारीक चुण्यांची जाळी उमटली आणि कागदावर तेलही आहे, तर पाणी उडालंय. कागद सगळीकडे कोरडा आणि नडग्याही खरखरीत, तर त्वचा मुळातच कोरडी.

दोन्हींचा सामाईक वैरी म्हणजे साबण. आपल्या त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्क मोजणारा आकडा) साधारण ५ च्या आसपास, नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, जिथे जमिनीतलं पाणीच खारं, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या कितीतरी गावांत, बोअरच्या पाण्याला फेसच येत नाही. मग माणूस वडी घासतच राहतो आणि साबणाचा चिकट थर अंगावर बसतो. वेष्टनावर टीएफएम (साबणातल्या एकूण मेदाचं प्रमाण) ७६ टक्के किंवा जास्त लिहिलेला साबण पहिल्या प्रतीचा. चेहऱ्याला तोही दिवसातून एकदा, संध्याकाळी पुरे. बाकी वेळा नुसतं पाणी. भरपूर पाणी पिणं उन्हाळ्यात जिवासाठी हवंच, पण तेवढ्याने गालावरच्या चुण्या जातील अशी आशा नको.

पुढे वाटा वेगळ्या. कोरड्या त्वचेला तेल चालतं, पेट्रोलियम जेलीही चालते, पण आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच. पाणी उडालेल्या तेलकट चेहऱ्याला खोबरेल लावलं तर पाणी मिळत नाहीच, वर मुरुमांना आमंत्रण. तिथे मेडिकलमधलं साधं ग्लिसरीन घ्या. ते पाणी ओढून धरतं, पण कोरड्या हवेत निखळ लावलं तर त्वचेतलंच पाणी वर ओढतं. म्हणून एक भाग ग्लिसरीनमध्ये तीन-चार भाग पाणी, ओल्या चेहऱ्यावर, आणि वरून हलकं लोशन. दुपारी शेतात जाताना नाक-गाल झाकणारा दुपट्टा कोणत्याही क्रीमपेक्षा स्वस्त पडतो.

दाढीचं थोडक्यात: पातं केसांसोबत वरचा थरही खरवडतं. आंघोळीनंतर करा, केसांच्या दिशेने करा. तुरटी कापलं असेल तेवढ्याच जागी. सगळ्या चेहऱ्यावर फिरवली की आधीच ओढलेली त्वचा आणखी ओढते.

आता एक तोतया. नाकाच्या कडेला, भुवयांत, दाढीच्या मुळाशी पिवळसर, तेलकट पापुद्रे आणि खाली लाली दिसली, तर तो कोरडेपणा नव्हे. तो सेबोरिक डर्मेटायटिस, डोक्यातल्या कोंड्याचाच भाऊबंद, आणि पुरुषांत जास्त दिसतो. तेल लावलं की तो वाढतो, कारण त्यामागची यीस्ट नावाची बुरशी तेलावरच जगते. केटोकोनॅझोल हे बुरशीविरोधी द्रव्य असलेलं औषध डॉक्टरांना विचारून वापरा. मेडिकलवाल्याने हातावर ठेवलेली स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब चार दिवस कमाल करते, पुढे चेहऱ्याची कातडी पातळ करून ठेवते.

आणि कपाशीवर फवारणी करून आल्यावर चेहरा चरचरत असेल, तर त्वचेचा प्रकार शोधत बसू नका. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले आहेत. कपडे लगेच काढा, अंग साबण-पाण्याने चांगलं धुवा, इथे साबणाची काटकसर नको. मळमळ, डोकेदुखी किंवा धूसर दिसणं सुरू झालं, तर फवारलेल्या औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.