ऑनलाइन सभा (कोकणातील संस्थांची)

संस्थेचे सभासद एका जागी न जमता इंटरनेटवरून घेतात ती सभा, शिबिर किंवा कार्यक्रम. २०२० च्या टाळेबंदीत हा प्रकार सर्वत्र रूढ झाला. कंपन्यांना वार्षिक सभा अशा रीतीने घेण्याची मुभा केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने ५ मे २०२० च्या परिपत्रकाने दिली. कोकणात हा प्रकार पुढेही उपयोगी ठरला, कारण ग्रामविकास मंडळ, देवस्थान समिती, शाळेचा माजी विद्यार्थी संघ अशा संस्थांचे निम्मे सभासद गावात आणि निम्मे मुंबई-ठाण्यात असतात. वर्गणी मुंबईतून येते, काम गावात होते आणि हिशेबावरून वाद दोन्हीकडे होतो.

सभेची आखणी सर्वांत कमी रेंज असलेल्या सभासदाकडे पाहून करावी लागते. सड्यावरच्या, म्हणजे उंचावरच्या सपाट कातळावरच्या, घरांत फोन चांगला चालतो. खाडीकाठच्या किंवा डोंगराच्या कुशीतल्या वाडीत तोच फोन एका खिडकीपुरता चालतो. झूम या ऑनलाइन सभेच्या ॲपच्या शिफारशीनुसार गटसभेत चांगल्या चित्रासाठी अपलोडचा वेग सुमारे १ एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट) हवा, आवाजाला मात्र ६० ते ८० केबीपीएस (किलोबिट) पुरतात. म्हणून बोलणाऱ्याखेरीज सर्वांनी कॅमेरा बंद ठेवावा. खर्चाचाही प्रश्न आहे: १ एमबीपीएस वेगाने तासाला ४५० एमबी डेटा जातो. रोज दीड जीबीच्या पॅकवर मुलांनी सकाळीच व्हिडिओ पाहिले असतील, तर ताळेबंद वाचायला येईपर्यंत आजोबा सभेतून गेलेले असतात. इंटरनेट अगदीच नसेल तिथे सभासदाला साधा कॉल लावून तो फोन स्पीकरवर टाकून माइकजवळ धरतात. तो बोलत नसताना त्याचा आवाज बंद केला नाही, तर प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येते.

गावातले सभासद शाळेच्या वर्गात किंवा देवळाच्या सभामंडपात एकत्र बसून एकाच लॅपटॉपवरून सहभागी होत असतील, तर खरी अडचण आवाजाची असते. लाद्या आणि उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो आणि लॅपटॉपचा माइक दोन हातांपलीकडचे नीट पकडत नाही. हातोहात फिरवता येणारा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा. त्याच खोलीत आणखी कोणी फोनवरून सभेत शिरले की कानठळ्या बसवणारी कुई सुरू होते. एका खोलीत एकाच यंत्राचा माइक आणि स्पीकर चालू, हा नियम मोडू देऊ नये. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली सभा लावूच नये. सर आली की माइकला पावसाखेरीज काही ऐकू येत नाही.

विजेची सोय स्वतंत्रपणे पाहावी लागते. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण वीज जाताच फायबरचा राउटर बंद पडतो. त्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीवर चालवणारे यंत्र) जोडल्यास सभा निभावते. वीज बराच वेळ गेली तर मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही उतरतात, म्हणून दुसऱ्या कंपनीचे सिम हाताशी ठेवणे ही अर्धीच तरतूद होय. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन परिसरात धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर अनेक गावांत कित्येक दिवस वीज आणि फोन दोन्ही नव्हते. जून ते सप्टेंबरमधल्या सभेच्या सूचनेत राखीव तारीख छापावी.

तारीख ठरवताना भातलावणी आणि आंब्याचा हंगाम टाळतात. रविवारी सकाळी दहाची वेळ दोन्हीकडच्यांना त्यातल्या त्यात सोयीची. गणपतीत आणि शिमग्याला माणसे गावात आलेली असताना ऑनलाइन सभेचा खटाटोप करू नये. शिवाय त्या दिवसांत टॉवरवर एवढा ताण येतो की रेंज असूनही जोडणी टिकत नाही. सहकारी संस्थांना मात्र वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असल्याने गणेशोत्सवाच्या आगेमागेच तारीख शोधावी लागते.

गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मोजणे वाटते तितके सोपे नाही. पडद्यावर चाळीस नावे दिसली तरी एका फोनमागे तिघे सभासद बसलेले असू शकतात, आणि एकच सभासद दोन फोनांवरूनही आलेला असतो. प्रत्येकाने नावाआधी वाडीचे नाव लिहावे आणि सचिवाने वाडीवार हजेरी पुकारावी. वादाच्या ठरावावर हात वर करण्याचे बटण पुरत नाही. तिथे नाव घेऊन मत विचारावे आणि सूचक-अनुमोदकांची नावे तोंडी वदवून घ्यावीत. त्याआधी संस्थेची घटना (नियमावली) वाचावी. तिच्यात ऑनलाइन उपस्थितीची तरतूद नसेल, तर नाराज गट नेमके त्यावरच बोट ठेवतो.

मोफत झूमची गटसभा ४० मिनिटांत तुटते, गूगल मीटची ६० मिनिटांत, आणि दोन्हींत मर्यादा १०० जणांची. वार्षिक सभेसाठी एका महिन्याचे सशुल्क खाते घ्यावे. अध्यक्ष, सूत्रसंचालक आणि तांत्रिक बाजू सांभाळणारा ही तीन वेगळी माणसे हवीत. अध्यक्षांनीच म्यूटची बटणे दाबायची ठरवली की चर्चा थांबते. तांत्रिक माणसाला सहयजमान (को-होस्ट) करून ठेवले, तर यजमानाची, म्हणजे ज्याच्या खात्यावरून सभा सुरू केली त्याची, जोडणी तुटली तरी सभा चालू राहते. आदल्या दिवशी त्याच जागेवरून, त्याच वेळी रंगीत तालीम घ्यावी. ताळेबंद पडद्यावर दाखवून भागत नाही, फोनवर आकडे वाचता येत नाहीत. त्याची पीडीएफ सूचनेबरोबरच व्हॉट्सॲपवर पाठवावी आणि छापील प्रत वाडीप्रमुखाकडे ठेवावी.