ऑक्सिजन सिलिंडरची हायड्रो टेस्ट: कागद कुठे अडतात आणि पाना का उचलू नये

२०२१ च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कितीतरी ट्रस्टनी, गणेश मंडळांनी आणि छोट्या दवाखान्यांनी मिळेल तिथून ऑक्सिजन सिलिंडर विकत घेतले. त्या वर्षी बनलेल्या सिलिंडरची पहिली मुदत २०२६ मध्ये भरते. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे ऑक्सिजनच्या सिलिंडरची दर पाच वर्षांनी मान्यताप्राप्त केंद्रात हायड्रो टेस्ट, म्हणजे पाणी भरून दाब देऊन तपासणी, करावी लागते. ही मान्यता 'पेसो' ही पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था देते. तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. मुदत टळलेला सिलिंडर भरायला मनाई आहे.

तारीख वाचताना सर्रास चूक होते. स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीवर 'ए-२६' लिहिलेलं असतं, ते पुढच्या तपासणीचं: जानेवारी ते मार्च २०२६. ऑक्सिजन सिलिंडरच्या खांद्यावर, म्हणजे व्हॉल्व्हखालच्या उतरत्या भागावर, ठोकलेली तारीख झालेल्या तपासणीची असते. तिच्यात पाच वर्षं मिळवा. दुसरा गैरसमज परवान्याचा. ऑक्सिजनचे २०० पर्यंत भरलेले सिलिंडर ठेवायला परवाना लागत नाही, हे खरं. पण तपासणी एकाच सिलिंडरचीही चुकत नाही.

सिलिंडर न्यायचा मालकाने. तुमच्याकडे डिपॉझिटची पावती असेल तर मालक गॅस एजन्सी आहे; सिलिंडर तिला परत करा, तपासणी तिची जबाबदारी. विकत घेतला असेल तर खरेदीचं बिल, तपासणी केंद्राच्या नावे पत्र आणि फी, एवढ्यावर काम सुरू होतं.

अडतं ते पुढे. प्रत्येक सिलिंडरची नोंद मालकाकडे असावी लागते: उत्पादकाचं नाव, सिलिंडरचा क्रमांक, पहिल्या हायड्रो टेस्टची तारीख, उत्पादकाचं तपासणी प्रमाणपत्र आणि पेसोच्या मंजुरीपत्राचा क्रमांक व तारीख. त्या धावपळीत हे कागद कोणी मागितलेच नाहीत, विकणाऱ्यानेही दिले नाहीत. लोकांचा जीव वाचवायला पैसे घालणाऱ्यांना आता केंद्रावरून 'कागद आणा' एवढंच ऐकून परत यावं लागतं, आणि कोणता कागद ते कोणी नीट सांगत नाही, याचा मला संताप येतो. म्हणून आधी खांद्यावरचा क्रमांक उतरवून घ्या, फोटो काढा आणि विक्रेत्याला लेखी पत्र द्या. दुकान बंद झालं असेल तर उत्पादकाला लिहा. माल परदेशी असेल तर आयातदाराला गाठा. मंजुरीपत्र त्याच्याकडे असतं. नेण्याआधी रंग मात्र मारू नका. ताज्या रंगाखाली गंज आणि ठोकलेले आकडे दोन्ही झाकले जातात, मग केंद्र शंका घेतं.

आता हात जोडून सांगतो. कागद जमेपर्यंत कोणी 'किरकोळ दुरुस्ती' करू नये. एका दवाखान्यात मावशी घट्ट बसलेल्या व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर (फिरणाऱ्या दांड्यावर) खोबरेल तेलाचा थेंब सोडत होत्या, शिलाई मशीनला सोडतात तसा. मी धावत जाऊन बाटली काढून घेतली. भरलेल्या सिलिंडरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १५० किलो दाब असतो. कारच्या टायरमध्ये जेमतेम दोन-अडीच. एवढ्या दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तेल, ग्रीस, तेलकट फडकं ठिणगीशिवाय पेटू शकतं. व्हॉल्व्ह झटकन उघडला तरी दाबला गेलेला वायू क्षणात तापतो. हातोडीने ठोकून व्हॉल्व्ह तुटला, तर सिलिंडरच सुटतो आणि वाटेत येईल त्यावर आदळतो. गळती वेल्डिंगने बंद करायला तर नियमातच मनाई आहे. गळत असेल तर, झेपत असेल तेवढाच व्हॉल्व्ह हाताने बंद करा, सिलिंडर उघड्यावर उभा करा, विडी-काडी दूर ठेवा, एजन्सीला बोलवा. बंद खोलीत गॅस सोडू नका. तो कपड्यांत मुरतो आणि नंतरची एक ठिणगीही अंगावर येते.

केंद्रात आतून गंज बघतात, वजन करतात आणि पाणी भरून दाब देतात. पाणी अशासाठी, की सिलिंडर फुटलाच तर वायूसारखा स्फोट होत नाही. मूळ वजनात पाच टक्क्यांहून जास्त घट आली की सिलिंडर बाद. बाद झालेला पुन्हा जोडता येणार नाही असा कापून किंवा चेपून टाकायचा असतो. तो तसाच भंगारवाल्याला देऊ नका. नष्ट केल्याचा दाखला केंद्राकडून मागून घ्या आणि तुमच्या नोंदीत त्या क्रमांकापुढे तारीख घाला.