वजन वजन म्हणजे कुठलं वजन बे?

फायटिंग गेममधल्या कॅरेक्टरच्या वजनाचा विषय निघाला की आमच्या सोलापुरातल्या पोरांत वाद ठरलेला. एकजण म्हणतो स्मॅश ब्रदर्समधला फॉक्स हलकाय, दुसरा म्हणतो हलका कसला बे, दगडासारखा खाली येतोय की, आणि गंमत म्हणजे दोघंही बरोबर असतात. हा गुंता कुठनं सुरू झाला तेवढं लिहून ठेवतो. कॉम्बो म्हणजे एकामागोमाग बसणारे फटके आणि थ्रो म्हणजे पकडून फेकणं, एवढं माहितीय असं धरलंय.

जुना काळ पटकन उरकतो. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मध्ये वजन नुसतं डोळ्याला दिसायचं. झांगीफ म्हणजे तालमीत मुरलेला पैलवान आणि चुन-ली त्याच्या निम्मी, पण तीच लाथ दोघांना बसली तर दोघंही तेवढंच मागं सरकणार. कुस्तीत वजनी गट असतात, ६१ किलोचा गडी कुणी ९७ वाल्यापुढं उभा करत नाही. गेममध्ये सगळे एकाच आखाड्यात, मग जाड्याला जाड्या असल्याचा काहीतरी फायदा-तोटा द्यायलाच पाहिजे ना, हा विचार यायला जरा वेळ लागला.

१९९३ ला व्हर्च्युआ फायटर आला आणि थ्रीडी फायटिंग सुरू झालं, हवेत उडालेला माणूस खाली टेकायच्या आत त्याला मारत राहायचं हे तिथनं रुजलं, आणि मग त्याच सीरिजमध्ये पुढं वजनाचे गट पडले, म्हणजे हलक्यावर बसणारा कॉम्बो जड माणसावर अर्ध्यातच सुटणार कारण तो लवकर खाली येतो. १९९६ च्या तिसऱ्या भागात ताका-आराशी नावाचा सुमो होता, चौथ्या भागात तो गायब, परत आला तो एकदम ५ आर मध्ये, २००८ ला. एका माणसासाठी सगळ्यांचे कॉम्बो वेगळे तपासत बसायचं म्हणजे डोक्याला तापच असणार, हा आपला माझा अंदाज.

आमच्याकडं पार्लरला टेकन ३ चालायचं, तासावर पैसे. तिथं आम्ही जॅक, कुमा यांना 'वजनदार' म्हणायचो, पण तो फरक खरं तर अंगाचा होता, वजनाचा नाही. अंग मोठं म्हणून इतरांवर हुकणारा फटका यांना लागतो, एवढंच. तेव्हा कळायचं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही बरेच जण दोन्ही एकच धरतात. २००२ च्या गिल्टी गियर एक्सएक्स मध्ये आणखी एक फाटा दिसतो, हवेत कोण किती उडणार हे वेगळं आणि फटक्यानं किती रक्त जाणार हे वेगळं. पोटेमकिन जड आहेच, पण चिप नावाचा गडी पटकन मरतो तो वजनामुळं नाही, त्याचा डिफेन्सच कच्चा ठेवलाय.

आता मूळ भांडणाकडं येतो, स्मॅश ब्रदर्स. इथं मार बसेल तसा परसेंट चढतो, परसेंट चढेल तसा माणूस लांब उडतो आणि मैदानाबाहेर गेला की मेला. वजन हा इथं सरळ सरळ आकडा आहे. २००१ च्या 'मेली' नावाच्या भागात मारिओ १००, बाउझर ११७, फॉक्स ७५, पिचू ५५. हिशोब असा की वजनात १०० मिळवायचे आणि त्यानं २०० ला भागायचं. मारिओला येतो १, बाउझरला साधारण ०.९२, पिचूला १.२९. फटका बसल्यावर माणूस किती लांब उडणार त्याला हा आकडा गुणला जातो, पण सगळ्याला नाही, परसेंटबरोबर वाढणाऱ्या भागालाच. प्रत्येक फटक्याचा जो ठरलेला धक्का असतो त्याला वजनाशी देणंघेणं नाही. म्हणून सुरुवातीला पिचू आणि बाउझरमध्ये फार फरक जाणवत नाही आणि परसेंट चढला की एक भुर्रकन जातो, दुसरा ढिम्म.

आणि खाली किती वेगानं पडायचं तो आकडाच निराळा. मेली मध्ये बाउझरचा पडायचा वेग १.९ आणि फॉक्सचा २.८. परत वाचा. ७५ वजनाचा कोल्हा ११७ वजनाच्या कासवापेक्षा जोरात पडतोय! शाळेत शिकवलेलं विज्ञान इथं खुंटीला टांगायचं. त्यामुळं फॉक्सला आडवा मारला तर तो हलक्यासारखा जातो, वर मारला तर लवकर खाली येतो म्हणून बऱ्यापैकी टिकतो, पण खाली येतो तो परत मारणाऱ्याच्या हातातच. माझं मत विचाराल तर या दुसऱ्या आकड्याला 'वजन' म्हणणं बंदच केलं पाहिजे, निम्मी भांडणं तिथंच मिटतील. पण लोक म्हणायलेत, म्हणणारच.

त्यात मेली मध्ये अजून एक भानगड, बहुतेक थ्रोंचा वेग समोरच्याच्या वजनावर ठरतो. जड माणूस उचलून टाकायला वेळ लागतो, हलका झटक्यात. दिसायला एकदम खरं वाटतं, पण थ्रोनंतरचा कॉम्बो प्रत्येक कॅरेक्टरसाठी वेगळा घोकावा लागतो. काहींना हीच मेलीची मजा वाटते, मला नुसतं पाठांतर वाटतं.

जड कॅरेक्टरची खरी गोची वेगळीच. कागदावर वजन म्हणजे ढाल. पण अंग मोठं, चाल मंद, आणि फटका खाऊन लांब जात नाही म्हणजे पुढच्या फटक्याच्या टप्प्यात राहतो. उशिरा मरतो खरा, पण तोवर गड्ड्याच्या जत्रेत नेम धरून फुगे फोडावेत तसा सगळ्यांचा मार खातो. नवीन पोरगं बाउझर घेतं ते यासाठीच की हा लवकर मरणार नाही, आणि दहा मिनिटांत कंट्रोलर खाली ठेवतं.

पुढच्या स्मॅश गेममध्ये यावर इलाज झाला तो नुसता आकडा वाढवून नाही. २०१८ च्या 'अल्टिमेट' नावाच्या भागात बाउझर १३५ वर गेला, पिचू ६२ वर, पण त्याच्या आधी २०१४ च्या भागातच बाउझरला हलक्या फटक्यांनी न दचकण्याची सोय दिली होती. अल्टिमेट मधल्या किंग के. रूलचं वजन १३३, आणि वर त्याचं पोटच चिलखत, काही मूव्ह मारताना फटके पोटावर झेलतो, फार मार बसला की ते पोटही फुटतं. हे मात्र वजन नाही, आर्मर आहे. आता यालाही ग्रुपमधली दोन पोरं 'जड आहे म्हणून' म्हणायलेत.